नऊ वाजताचे पडदे

आमच्या गल्लीत कुणी गेलं की पुढच्या खोलीचे पडदे मिटतात. ज्याचं माणूस गेलं त्याचे तर दहन होईपर्यंत उघडायचेच नाहीत, आणि शववाहिका निघते त्या सकाळी बाकीच्या घरांचेही बंद असतात. हे कुणाला शिकवावं लागत नाही. यॉर्कशरच्या या गिरणगावात गिरण्या बंद पडल्या, चर्चचं गोदाम झालं, पण पडदे राहिले.

बाबांच्या दहनासाठी सकाळची वेळ मिळाली होती. गाडी नऊला यायची होती. आई काळा कोट, काळी टोपी घालून खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती आणि मी खाली बसून तिच्या हातमोज्यांची बटणं लावत होते. आईच्या दोन्ही डोळ्यांची मधली नजर गेली आहे. तिला कडेकडेचं दिसतं, उजेड-अंधार कळतो, समोरच्याचा चेहरा मात्र दिसत नाही.

डोक्यावर घूंऽऽ असा आवाज सुरू झाला.

"जिल," आई म्हणाली, "उजेड कसला गं?"

पडदे उघडत होते. तिसरी घंटा झाल्यावर नाटकाचा उघडावा, तसे सावकाश, दोन्ही बाजूंनी सारखे. काचेपलीकडे अख्खी गल्ली काळ्या कपड्यांत उभी होती. समोरच्या बेरिल आँटी छातीशी पर्स धरून आमच्याच खिडकीकडे पाहत होत्या. आणि कोपऱ्यावरून गाडी वळत होती.

मी जिना चढून अडगळीच्या खोलीत धावले.

तिथे बाबांचं यंत्र होतं. बीबीसी मायक्रो, मी शाळेत असताना आणलेला घरगुती कॉम्प्युटर, बदामी रंगाचा, वरच्या ओळीतली बटणं लाल. बाबा टेलिफोन एक्सचेंजमध्ये होते. जुनं एक्सचेंज मोडीत निघालं तेव्हा त्यातले पिशवीभर रिले त्यांनी घरी आणले आणि भिंतीवरच्या फळीवर ओळीने ठोकले. रिले म्हणजे तारेचं वेटोळं आणि एक पट्टी. वेटोळ्यात वीज आली की पट्टी खाली ओढली जाते, टक्, आणि घरात कुठेतरी काहीतरी सुरू होतं. कॉम्प्युटर रिले ओढायचा आणि रिले घर चालवायचे. आईची सकाळची किटली, पुढच्या खोलीचे पडदे, रेडिओ, जिन्यातला दिवा, रात्रीचं गरम ब्लँकेट. आधी ती हौस होती. आईची नजर गेली तेव्हा तिची गरज झाली.

मी भिंतीतला प्लग उपटला. खाली घूंऽऽ चालूच. वीज गेली तरी यंत्राला पत्ता लागू नये म्हणून बाबांनी टेबलाखाली मोटारीची बॅटरी जोडून ठेवली होती. पडद्यांची मोटरही तिच्यावरच चालायची. एका जुन्या गाडीच्या वायपरची होती ती. मी खाली वाकले आणि बॅटरीचा चिमटा धरून ओढला. तो निघेना. दोन्ही हातांनी हिसका दिला.

टक्, टक्, टक्, करत सगळ्या पट्ट्या एकदम सुटल्या आणि घर गप्प झालं.

खाली येऊन मी अर्धवट उघडलेले पडदे हाताने ओढून मिटले. मोटर अडकून होती, जोर लागला. आई म्हणाली, "झाले का बंद?" मी हो म्हणाले. त्या वेळी मला एवढंच वाटलं, की लाज राखली.

दहनानंतर सगळे घरी आले. हॅम, पोर्कची पाई, बेरिल आँटींचा केक, चहावर चहा. माझा भाऊ रसेल मला स्वयंपाकघरात गाठून बोलला. तो हॅरोगेटला राहतो आणि कुठल्याही खोलीत शिरला की आधी छताकडे बघतो. घरांची तपासणी हाच त्याचा धंदा.

"हे बघ जिल, मी काही राक्षस नाही," तो म्हणाला. "तिकडे चांगला वृद्धाश्रम आहे, खोली मिळतेय. पण तिला इथंच राहायचंय, तर राहू दे. बाबांचं यंत्र चालतंय तोवर माझी ना नाही. ते बसलं, की मात्र दुसऱ्या दिवशी तिची बॅग भरायची. जिन्यावरून अंधारात पडली तर कोण धावणार? तू? लेस्टरहून?"

"कळलं."

"चालू आहे ना ते?"

"आहे की," मी म्हणाले.

बाहेरच्या खोलीत आई-बाबांचा विषय निघाला होता आणि बेरिल आँटींचा आवाज चढला होता. "विल्फ हॉस्पिटलात, ईनिड रसेलकडे, घराला कुलूप. आणि रोज नऊला यांचे पडदे आपले उघडतायत! मला ठाऊक होतं तो गेलाय. तरी एकदा हात हलवलाच मी खिडकीकडे बघून. म्हातारी खुळी ती खुळीच!"

सगळे हसले. आईही हसल्यासारखं करून चहा ढवळत राहिली.

रसेलला जे सांगितलं ते खरं करायला मी वर गेले. चिमटा लावला, प्लग लावला. यंत्र बोललं. ते सुरू होताना दोन आवाज काढतं. आधी लांब, खर्जातला, मग छोटा, चढा. बूऽऽ-पिप. तो आवाज मी लहानपणापासून ओळखते. बॅटरी लावायच्या आधी कधी वीज जाऊन आली की वरून हा आवाज यायचा आणि खाली जेवता जेवता बाबा काटा ठेवून म्हणायचे, "गेलं सगळं!" कारण त्याचा अर्थच तो होता. यंत्र नव्याने जन्मलं आणि त्याला आता काहीही आठवत नाही.

यंत्राचा स्क्रीन काळा होता. कोपऱ्यात एक पांढरी रेघ लुकलुकत होती.

बाबांनी आयुष्यभर त्यात सुधारणा केल्या. उन्हाळ्या-हिवाळ्याचा उजेड, आईची दुपारची झोप, तिच्या गुडघ्यांचा जिना चढायचा वेग. हे सगळं त्या यंत्राच्या डोक्यात होतं, आणखी कुठेही नव्हतं. प्रोग्रॅम कॅसेटवर उतरवून ठेवायचं त्यांनी केव्हाच सोडलं होतं; बॅटरी होती ना. आणि मी ते हिसडून टाकलं, पडद्यांसाठी.

मी खाली आले. कुणाच्या काही लक्षात आलेलं दिसलं नाही. आईने कप बशीत ठेवला होता. माझी चाहूल लागताच ती म्हणाली, "जिल, राहशील का गं थोडे दिवस?"

"राहते की," मी म्हणाले. मला तेवढंच हवं होतं. तेवढ्यात काहीतरी जमवता येईल असं वाटलं.

जमलं नाही. बाबांच्या खोलीत बूट ठेवायच्या खोक्यात कॅसेटी होत्या. त्या लावल्या की आधी किंचाळल्यासारखा सूर यायचा आणि मग यंत्र काही न बोलता हात वर करायचं. एकच लागली. मी श्वास रोखून चालवली. जिन्यातला दिवा लागून विझला, आणि माझ्या जुन्या खोलीतला दोनदा लुकलुकला. ती आम्ही शाळेत असतानाची निघाली. तेव्हा जेवायला खालून हाका मारायच्या नाहीत, असा बाबांचा नियम होता. पुस्तकात बुडालेल्या मुलीला हाक ऐकू येत नाही, दिवा दिसतो, असं ते म्हणायचे. मी ती थांबवली. तिच्यातल्या प्रोग्रॅमच्या ओळी मी स्क्रीनवर पुन्हापुन्हा वाचल्या. आयुष्यभर वाचतच आले आहे, ग्रंथालयात नोकरीही तीच, पण त्या ओळींतली एक बदलून आजच्या घराला लावणं मला जमेना.

तेव्हा मीच यंत्र झाले.

रिलेची पट्टी बोटानेही दाबता येते. दाबून तिच्यात कागदाची घडी सरकवली की ती तशीच राहते. सकाळी मी अनवाणी अडगळीच्या खोलीत जायची, किटली लावायची, मग मागे येऊन अंथरुणात पडायची आणि नुकतीच उठल्यासारखी जांभई देत खाली यायची. पडदे उघडायच्या वेळी आईला सांगायची, "वरचं कपाट आवरते." दिवस मावळायच्या आत घरी. कुणाकडे जायचं नाही, फोनवर लांबण लावायची नाही. एवढी वक्तशीर मी नोकरीतही नव्हते.

हे सगळं मला झेपलं असतं. झेपलं नाही ते दुसरंच.

पहिल्याच संध्याकाळी मी जिन्यातला दिवा दाबला, टक्, आणि खालून आईचा आवाज आला, "थँक्यू, विल्फ."

प्रत्येक वेळी. किटली उकळली, थँक्यू, विल्फ. रेडिओ लागला, थँक्यू, विल्फ. ब्लँकेट गरम झालं की चादरीत शिरताना, जरा हळू. मी वर काळोखात त्या फळीपुढे बोट धरून उभी असायची आणि माझ्या मेलेल्या बापाचे आभार स्वतः घेत असायची. एकदा बोट काढून घ्यावंसं वाटलं. पण काढलं असतं तर दिवा गेला असता.

एका दुपारी मी औषधं आणायला कीथलीला गेले. परतीची बस आलीच नाही, पुढची भरून गेली. नोव्हेंबरात चार वाजले की अंधार. मी गल्लीत शिरले तेव्हा सगळ्या घरांत दिवे होते. आमचंच घर काळं होतं, आणि पडदे उघडे.

दार ढकललं. "आई?"

"इथं आहे. पाय देशील अंगावर."

ती जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसली होती, दोन्ही हात मांडीवर ठेवून. शेजारी भिंतीवर एक कोरी पट्टी होती. बाबांनी घरातली सगळी बटणं काढून तिथे कोऱ्या पट्ट्या बसवल्या होत्या. कुणी मध्येच बटण दाबलं की यंत्राचा हिशेब चुकतो, असं त्यांचं म्हणणं. आम्ही चेष्टा करायचो. बाहेरून येणाऱ्या उजेडात आता त्या पट्टीवर आईच्या बोटांचे ओले ठसे दिसत होते. तिने चाचपून पाहिलं होतं.

"पडलीस का?"

"पडले असते म्हणून बसले. एवढं काय घाबरतेस? अंधार मला नवा नाही."

मी तिच्यापुढे फरशीवर बसले, कोट न काढताच. "आई, यंत्र बंद आहे. त्या दिवशी मीच तार उपटली. पडदे थांबेनात म्हणून. बाबांनी केलेलं सगळं गेलं. तेव्हापासून दिवे मी लावते."

रस्त्यावरून एक गाडी गेली, तिचा उजेड छतावरून फिरला.

"ठाऊक आहे," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"लोक हॅम खात होते तेव्हापासून. आंधळी झालेय पोरी, बहिरी नाही. बूऽऽ-पिप." तिने तो आवाज हुबेहूब काढला, अगदी बाबा काढायचे तसा. "इतकी वर्षं त्या आवाजानंतर त्याचं तोंड उतरलेलं बघितलंय मी. तो आवाज ऐकला आणि मनात म्हटलं, गेलं सगळं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू तरी कुठं बोललीस?"

मी कोटाची बटणं सोडू लागले.

"यंत्र चालू असतं तर तू दुसऱ्या दिवशीच्या गाडीने गेली असतीस," आई म्हणाली. "बंद होतं म्हणून राहिलीस. मी म्हटलं, राहतेय तर राहू दे. लबाडी झाली माझी. पण चार दिवस घरात पावलं वाजत होती."

"आणि ते थँक्यू, विल्फ?"

"नाव घेतलं नसतं तर तुला संशय आला असता. आणि घ्यायला बरंही वाटायचं. तू काय, रोज उशीर करायचीस. तो स्वतःच्या लग्नाला उशिरा आला, चर्चमध्ये माझा मामा घड्याळ काढून उभा. पण यंत्र त्याचं कधी चुकलं नाही. तुझं बोट लागलं की मी मनात म्हणायची, आली बाई एकदाची."

मी रडले. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला; आधी तो कानावर पडला, मग तिने सरकवून नीट ठेवला.

"रडतेस काय? दिवा लाव आधी. मग रसेलचं बघू. रविवारी यायचाय तो."

रविवारी रसेल आला. मी त्याला सांगायचं ठरवलं होतं. बेरिल आँटीही होत्या. आईने त्यांना मुद्दाम बोलावलं होतं, का ते मला सांगितलं नव्हतं. चहा ओतेपर्यंत मी धीर गोळा केला. "रसेल, यंत्राचं एक सांगायचंय—"

"ते मी बंद केलं," आई म्हणाली.

रसेलने कप खाली ठेवला. "काय?"

"मीच जिलला सांगितलं, जा, तार उपटून टाक. नवऱ्याची गाडी दारात आणि माझे पडदे उघडतायत, शोभतं का ते? गल्लीत तोंड दाखवायचंय मला."

"आई, पण मग आपलं ठरलं होतं तसं—"

"तुमचं ठरलं होतं. मला कुणी विचारलं?" तिने मान बेरिल आँटींच्या दिशेला वळवली. "बेरिल, तो गेला तेव्हा माझे पडदे रोज उघडत होते ना?"

"नऊच्या ठोक्याला."

"आणि आत कोण होतं?"

"कुणीच नाही."

"मी आत मरून पडले असते तरी?"

"तरी उघडले असते," बेरिल आँटी म्हणाल्या. "मी हात हलवून बाजाराला गेले असते, देव क्षमा करो."

"ऐकलंस?" आई रसेलला म्हणाली. "यंत्र चालू होतं तोवर त्या पडद्यांना काही अर्थ नव्हता. आता मी हाताने उघडणार. नऊपर्यंत नाही उघडले, तर बेरिलकडे किल्ली आहे. तुझ्या आश्रमात माझ्या पडद्यांकडे कोण बघणार? तिथं परिचारिका येऊन उघडतात."

"तुला ते ओढता येणार नाहीत. खांदा बघ तुझा."

"जिल, ती मोटर काढ."

मी स्टुलावर चढून मोटर सोडवली. आई उठली. खुर्चीची पाठ, टेबलाची कड, मग खिडकी. तिने पडद्याची कड चाचपली आणि ओढली. अर्धाच आला. ती थांबली, हात बदलला, पुन्हा ओढला. फार वेळ लागला. रसेल दोनदा उठू पाहत होता. बेरिल आँटींनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून त्याला बसवलं. "बस की रे. तुझ्या बापाने तिला इतकी वर्षं काही करूच दिलं नाही. आता तू नको सुरू होऊस."

ते ऐकून मला बाबांची बाजू घ्यावीशी वाटली. घेतली नाही. त्यांनी जे केलं ते मायेनेच केलं, आणि त्या कोऱ्या पट्ट्याही त्यांच्याच.

शेवटी रसेल म्हणाला, "नाताळपर्यंत बघू." मग छताकडे पाहून म्हणाला, "आणि बटणं बसवून घ्या, प्रत्येक खोलीत. जिन्याच्या दोन्ही टोकांना."

"यंत्राचं काय सांगायचं होतं तुला?" निघताना त्याने मला दारात विचारलं.

आई मागे उभी होती. "तेच," मी म्हणाले. "आईने सांगितलं तेच."

बटणं बसली. मी लेस्टरला परत आले. आता रोज सकाळी माझा फोन तीनदा वाजून बंद होतो. आमच्याकडे प्रवासाहून सुखरूप पोचल्याचं असंच कळवायचे. उचलायचा नाही, फक्त मोजायचं. समोरचे पडदे उघडलेले दिसले की बेरिल आँटी माझा नंबर फिरवतात. तोवर मी ग्रंथालयात काही करत नाही. पुस्तकं समोर असतात आणि माझं बोट टेबलाच्या कडेवर दाबलेलं असतं.

नाताळला आम्ही सगळे आईकडे जमलो. तोवर रसेलची गोष्ट तयार झाली होती आणि त्याने ती टर्की कापता कापता बायकोला सांगितली. "काय बाई आहे! गाडी दारात, आणि ही म्हणते, उपटा ती तार. आपली जिल बिचारी, हुकमाची ताबेदार. बाबांचं आयुष्यभराचं काम, पण आईपुढे कुणाचं चाललंय?"

"मीच सांगितलं," आई म्हणाली आणि बटाट्यांचं भांडं माझ्याकडे सरकवलं. मी वाढून घेतलं आणि पुढे दिलं.

वरच्या खोलीत यंत्र चालूच असतं. आईने बंद करू दिलं नाही. त्यात काही नाही, काळा स्क्रीन आणि ती लुकलुकणारी रेघ, पण ते जरासं गुणगुणतं आणि तिला ते झोपताना लागतं.

जेवण होता होता बाहेर अंधारून आलं. आई म्हणाली, "जिल, जिन्यातला दिवा लाव गं."

मी उठले. नवं बटण पांढरंशुभ्र होतं, त्याच्याभोवती भिंतीचा रंग अजून लावायचा होता. मी ते दाबलं.

"थँक्यू, विल्फ," आई म्हणाली.

रसेल मोठ्याने हसला. आई हसली नाही. ती माझ्याकडे तोंड करून बसली होती, म्हणजे तिला मी दिसत नव्हते.